बारशाआधी पडदे तयार! मावळात घरबसल्या सुरू करता येईल असा छोटा व्यवसाय



घरात शिलाई मशीन आहे, हात बसलेला आहे, पण ब्लाउज आणि फॉल-पिकोच्या पलीकडे काम सरकत नाही. गल्लीत आणखी चार जणी तेच करतात, त्यामुळे दर वाढवता येत नाही. तुमचं असं होत असेल तर हा लेख तुमच्यासाठी आहे. विषय छोटा आहे : बाजारात मिळणारे स्वस्त रेडिमेड पडदे घ्यायचे, त्यांत बदल करायचे आणि बाळाच्या खोलीसाठी बसवून द्यायचे. व्हिडिओत शिवण दाखवता येते, पण हिशोब आणि बारकावे वाचायला हाताशी असलेले बरे. म्हणून इथे सविस्तर लिहितोय.

एक गोष्ट सुरुवातीलाच पक्की करा. पडदा विकून तुम्हाला पैसे मिळणार नाहीत. पडद्याचा भाव ग्राहक मोबाइलवर दोन मिनिटांत बघतो आणि तिथे तुम्ही मोठ्या कंपन्यांपुढे टिकत नाही. पैसे मिळतात ते मापाचे, अंधाराचे, सुरक्षिततेचे आणि वेळेत काम देण्याचे. लोणावळ्याचंच उदाहरण घ्या. गूळ आणि शेंगदाणे गावोगावच्या किराणा दुकानात मिळतात, तरी लोक लोणावळ्यात थांबून चिक्कीचं पाकीट घेतात. पैसे त्यावर झालेल्या कामाचे असतात. पडद्याचंही तसंच आहे.

ग्राहक कोण? बहुतेक वेळा आजी!

तळेगाव दाभाडे, वडगाव, कामशेत, लोणावळा या पट्ट्यात फ्लॅटमध्ये राहणारी तरुण कुटुंबं भरपूर आहेत. पण बाळासाठी वेगळी खोली किती घरांत असते? वन बीएचके, टू बीएचकेमध्ये बाळाची खोली म्हणजे आई-बाबांच्या बेडरूममधला एक कोपरा, तिथला पाळणा आणि तिथली एक खिडकी. म्हणजे तुमचं एक काम बऱ्याचदा एकाच खिडकीचं असणार. ते छोटं आहे म्हणून नाराज होऊ नका. छोटं आहे म्हणूनच ते घरून करता येतं.

दुसरं म्हणजे पहिलं बाळंतपण आपल्याकडे अजूनही बऱ्याच घरांत माहेरी होतं. त्यामुळे पडदे सासरच्या फ्लॅटला लागण्याआधी माहेरच्या खोलीला लागतात आणि निर्णय घेते ती बाळाची आजी. तिला फोनवर ऑर्डर करण्यापेक्षा कापड हातात घेऊन बघायला आवडतं. हा तुमचा फायदा आहे.

तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. बाळ जन्माला येण्याआधी त्याच्यासाठी खरेदी करू नये, असं अनेक घरांत पाळतात. म्हणजे ऑर्डर येते ती बाळ झाल्यावर आणि सगळं हवं असतं बाराव्या दिवशीच्या बारशाला. त्यातले पहिले काही दिवस दवाखान्यात जातात. तुमच्या हातात राहतात फार तर सात-आठ दिवस. कापड निवडून, ऑर्डर देऊन, शिवून पडदे करून घ्यायचे तर इतक्या दिवसांत ते होणं कठीण. ऑनलाइन मागवलेला पडदा येतो, पण ठरावीक मापाचा. या दोघांच्या मध्ये जी जागा रिकामी आहे, ती तुमची. रेडिमेड पडद्याला रिंगा लावलेल्या असतात, कडा शिवलेल्या असतात, निम्मं काम झालेलं असतं. उरलेलं निम्मं तुम्ही तीन-चार दिवसांत करून देऊ शकता.

रेडिमेड पडद्यात काय असतं आणि काय नसतं

आपल्या बाजारात रिंगवाले रेडिमेड पडदे साधारण चार फूट रुंद मिळतात. लांबी तीन प्रकारची : खिडकीसाठी पाच फूट, दारासाठी सात फूट आणि मोठ्या दारासाठी नऊ फूट. पिंपरी कॅम्पात किंवा पुण्यात रविवार पेठेत चार दुकानं फिरलात की भावाचा अंदाज येतो. पिंपरी कॅम्प स्टेशनच्या जवळच आहे, त्यामुळे मावळातून लोकलने सकाळी जाऊन दुपारपर्यंत घरी येता येतं. सुरुवातीला स्टॉक भरू नका. पाच-सहा नमुने आणा, ऑर्डर आली की माल आणा.

या पडद्यांत बाळाच्या दृष्टीने चार गोष्टी नसतात : नेमकं माप, दुपारी झोपण्यापुरता अंधार, धुवायची सोय आणि सुरक्षितता. या चारही गोष्टी तुम्ही द्यायच्या.

माप : खिडकीचं नव्हे, रॉडचं

नवीन माणूस खिडकीची चौकट मोजतो आणि फसतो. उजेड खिडकीच्या मधून जितका त्रास देतो, तितकाच कडेच्या फटींतून देतो. म्हणून रॉड चौकटीच्या दोन्ही बाजूंना सहा-सहा इंच बाहेर हवा आणि वर चार ते सहा इंच उंच हवा. पडदा खिडकीच्या कट्ट्याखाली निदान सहा इंच उतरला पाहिजे.

समजा खिडकी चार फूट रुंद आहे. रॉड झाला पाच फूट. चार फुटी दोन पडदे म्हणजे आठ फूट कापड. पाचाला आठ, म्हणजे दीडपटीपेक्षा थोडं जास्त. चुण्या नीट पडायला दीडपट ते दुप्पट कापड लागतं, त्यामुळे हे जमतं. एकच पडदा लावून पैसे वाचवायचा आग्रह ग्राहकाने धरला तर त्याला हे गणित समजावून सांगा.

रुंदी कमी करायची वेळ आली तर रिंगांची संख्या सम ठेवा. सहा, आठ, दहा. विषम झाली की एक कड भिंतीकडे वळते आणि दुसरी खोलीकडे, मग कडेने उजेड येतो.

आधी धुवा, मग कापा

हा नियम भिंतीवर लिहून ठेवा. सुती कापड पहिल्या धुण्यात तीन ते पाच टक्के आटू शकतं. पाच फुटी पडदा म्हणजे साठ इंच. पाच टक्के आटला तर तीन इंच गेले. आधी कापून, शिवून दिलात आणि ग्राहकाने घरी धुतला, तर खालून तीन इंच उजेडाची पट्टी दिसणार आणि तुमच्या नावाने फोन येणार. पॉलिस्टर जवळजवळ आटत नाही, पण तेही एकदा धुवाच. कोऱ्या कापडाची खळ आणि वास जायला हवा. आपल्या आज्या बाळाला नवं कोरं कापड लावत नाहीत, जुन्या मऊ साडीची दुपटी करतात. तोच विचार इथे आहे. "पडदे धुऊन, इस्त्री करून लावून मिळतील" हे वाक्य तुमच्या जाहिरातीत पहिलं असू द्या.

आता एक युक्ती. शक्य असेल तिथे सात फुटी पडदा घ्या आणि तो पाच फूट करा. सात फूट म्हणजे चौऱ्याऐंशी इंच. सुती पडदा धुतल्यावर ऐंशीच्या आसपास राहतो. साठ इंच लांबी आणि चार इंच खालची दुमड धरली तरी प्रत्येक पडद्यामागे जवळपास सोळा इंच रुंदीची पट्टी उरते. त्या पट्टीतून उशीचा अभ्रा होतो किंवा लंगोट, डायपर, पावडर ठेवायला खिशांची भिंतीवरची पट्टी होते. पडद्याशी जुळणारी वस्तू बघितली की आजी खूश, आणि तुमचं कापड वाया गेलं नाही. तिचे पैसे वेगळे लावा.

अंधाराचं अस्तर, पण सुटं

तान्हं बाळ दिवसा बराच वेळ झोपतं आणि दुपारचं ऊन पश्चिमेच्या खिडकीतून थेट पाळण्यावर येतं. त्यासाठी पडद्याच्या मागे जाड, उजेड अडवणारं अस्तर लावतात. पांढऱ्या किंवा क्रीम रंगाचंच घ्या. काळा रंग बाळाच्या खोलीत काही घरांत चालत नाही आणि तो उन्हात तापतोही जास्त.

अस्तर पडद्याला कायमचं शिवू नका. पडद्याच्या मागे, रिंगांच्या खाली, दर सहा इंचांवर दोन इंचाचा वेल्क्रोचा तुकडा लावा. मऊ बाजू पडद्याला, खरखरीत बाजू अस्तराला. म्हणजे पडदा आणि अस्तर वेगवेगळे धुता येतात, बाळ मोठं झालं की अस्तर काढून ठेवता येतं. लेप दिलेल्या अस्तराला बारीक टाके घालू नका. सुईच्या प्रत्येक भोकातून उजेड दिसतो आणि तिथेच कापड फाटतं. टाका मोठा ठेवा आणि एकदा घातलेली शिवण उसवायची वेळ येऊ देऊ नका.

तळेगावचा माल लोणावळ्यात चालेलच असं नाही

अंतर तीसेक किलोमीटर, पण हवा वेगळी. लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. पूर्वेला तळेगावकडे येताना तो झपाट्याने कमी होतो. लोणावळा, खंडाळा भागात पावसाळ्यात भिंती ओल धरतात, कपडे दोन-दोन दिवस वाळत नाहीत. तिथे लेपाचं जाड अस्तर भिंतीला चिकटून राहिलं तर मागे बुरशीचे काळे ठिपके येतात, कोंदट वास सुटतो. बाळाच्या खोलीत हे नकोच.

म्हणून लोणावळ्याच्या ग्राहकाला वेगळा माल द्या : जड अस्तराऐवजी पॉलिस्टरचे किंवा मिश्र कापडाचे दोन हलके पडदे, एकामागे एक, दोन रॉडवर. अंधार थोडा कमी पडेल, पण पंख्याखाली रात्रभरात वाळतात. रॉड भिंतीपासून तीन-चार इंच पुढे घ्या, म्हणजे मागे हवा खेळते. आणि पडदा जमिनीला टेकू देऊ नका. हा सल्ला ऑनलाइन पडद्याच्या पाकिटात येत नाही. तो देणारा माणूस ग्राहक लक्षात ठेवतो.

सुरक्षितता : इथे तडजोड नाही

बाळ सहा महिन्यांचं झालं की हाताला येईल ते ओढतं आणि तोंडात घालतं. वर्षाचं झालं की पडद्याला धरून उभं राहतं. त्यामुळे पुढचे नियम सुंदर दिसण्यापेक्षा मोठे आहेत.

दोरी नको. पडद्याच्या आणि ब्लाइंडच्या लोंबत्या दोऱ्यांचा फास बसून जगभरात लहान मुलांचे जीव गेले आहेत. म्हणूनच युरोपातल्या मानकांनुसार लहान मुलं असलेल्या ठिकाणी ब्लाइंडच्या दोरीचा फास जमिनीपासून निदान दीड मीटर वर असावा लागतो. आपण त्याहून सोपं करू : दोरी, गोंडे, लांब रिबिनी बाळाच्या खोलीत द्यायच्याच नाहीत. पडदा बाजूला बांधायला कापडाचा आखूड पट्टा द्या, वेल्क्रोचा, ओढला की सुटणारा.

मणी, घुंगरू, आरसे, बटणं, टिकल्या नकोत. अमेरिकेत तीन वर्षांखालच्या मुलांची खेळणी तपासताना सुमारे सव्वा इंच व्यासाची नळी वापरतात. तिच्यात जी वस्तू पूर्ण मावते, ती घशात अडकू शकते असं धरतात. पडदा खेळणं नाही, पण बाळाला ते माहीत नसतं. सजावट फक्त शिवलेल्या कापडाची करा आणि चारही बाजूंनी पक्की शिवा. नुसती चिकटवलेली सजावट धुण्यात निघते.

रॉड स्प्रिंगचा, नुसता दाबून बसणारा नको. बाळाने पडदा ओढला तर तो डोक्यात पडेल. ब्रॅकेट भिंतीत प्लग आणि स्क्रूने बसवा. ड्रिल जमत नसेल तर ओळखीचा सुतार किंवा इलेक्ट्रिशियन जोडीला घ्या आणि त्याची मजुरी बिलात वेगळी दाखवा. शेवटचं म्हणजे पाळणा खिडकीला चिकटून असेल तर तो हलवायला सांगा. पाळण्यातून हात पडद्यापर्यंत पोहोचता कामा नये. असं सांगितल्याने ऑर्डर जात नाही, उलट विश्वास बसतो.

सजावट : आजीच्या साडीचा काठ आणि बारशानंतरचं नाव

बाळाच्या पडद्यावर ढग, चांदण्या, हत्ती असतातच. ते करा. पण आपल्याकडे याहून चांगली गोष्ट घराघरात पडून आहे : आजीच्या, पणजीच्या जुन्या सुती साडीचा काठ. पडद्याच्या खालच्या बाजूला चार-पाच इंचांचा तो काठ लावून द्या. साध्या एकरंगी पडद्याचं रूप बदलतं आणि कापडाचा खर्च शून्य. काठ जरीचा असेल तर तो टोचतो, तार निघते. तो बाळाच्या हाताला येईल अशा ठिकाणी लावू नका. साडी कापण्याआधी "कापू ना?" असं घरच्यांना विचारा आणि फोटो पाठवून होकार घ्या. जुन्या साडीत लोकांचा जीव अडकलेला असतो.

नावाचं काय? बारशाआधी नाव जाहीर नसतं, त्यामुळे पहिल्या खेपेला नाव घालूच नका. पडद्यावर किंवा खिशांच्या पट्टीवर त्याची जागा मोकळी ठेवा. बारशानंतर फोन करा, "नाव काय ठेवलं?" आणि नावाची कापडी अक्षरं शिवून द्या. हे तुमचं दुसरं काम आणि दुसरी भेट. त्या भेटीत घरी आलेल्या आत्या, मावश्या पडदे बघतात. पुढची ऑर्डर तिथूनच निघते.

आता हिशोब

खालचे आकडे उदाहरणासाठी आहेत. तुमच्या बाजारातले भाव विचारून बदलून घ्या, पद्धत तीच ठेवा.

सात फुटी पडद्यांची जोडी : ६०० रुपये
अस्तराचं कापड, सव्वातीन मीटर : ४८० रुपये
वेल्क्रो, दोरा : ६० रुपये
माप आणि बसवणं, दोन फेऱ्यांचा प्रवास : १०० रुपये
झाले १,२४० रुपये.

तुमचा वेळ : माप, धुणं-इस्त्री, शिवण, बसवणं मिळून सहा तास. तासाला १२० रुपये धरले तर ७२० रुपये. एकूण १,९६० रुपये. त्यावर मशीनची झीज, वीज, चुका यांचे दहा टक्के म्हणजे १९६ रुपये. झाले २,१५६ रुपये. त्यावर पंधरा टक्के नफा म्हणजे सुमारे ३२३ रुपये. ग्राहकाला सांगायचा दर : २,५०० रुपये.

इथे अनेक ताई गडबड करतात. "घरचंच तर काम आहे" म्हणून सहा तास हिशोबातून गाळतात आणि पंधराशेला काम देतात. मग महिनाभर राबून हातात काही उरत नाही आणि व्यवसाय बंद पडतो. स्वतःची मजुरी हा खर्च आहे. तो आधी लिहा, नफा नंतर.

ग्राहक म्हणेल, "सहाशेचे पडदे अडीच हजारांना?" भांडू नका. सांगा, "काकू, पडदे तुम्ही आणा, काम मी करते." मग पडद्यांचे ६०० रुपये वगळून याच पद्धतीने दर सुमारे १,७५० रुपये येतो. तुमची मजुरी तेवढीच राहते, भांडवल अडकत नाही आणि पडद्याच्या भावावर वाद होत नाही. सुरुवातीचे दहा ग्राहक याच पद्धतीने केलेत तरी चालेल.

महिन्याला अशी बारा कामं झाली तर मजुरी आणि नफा मिळून साधारण साडेबारा हजार रुपये होतात. पण बारा बाळं दर महिन्याला मिळतीलच असं नाही. म्हणून शाळेत जाणाऱ्या मुलांच्या खोल्या आणि लोणावळ्यातले कुटुंबांना भाड्याने दिले जाणारे बंगले हे दुसरे ग्राहक धरून ठेवा. बंगल्यांची कामं पावसाळ्याआधी, एप्रिल-मेमध्ये मागा.

काम मिळवायचं कसं आणि कागदपत्रं

ऑर्डर घेताना निम्मी रक्कम आगाऊ घ्या. एका खिडकीच्या मापाने कापलेला पडदा दुसऱ्याला विकता येत नाही. माप, रंग, तारीख, रक्कम व्हॉट्सॲपवर लिहून पाठवा आणि "ओके" मिळाल्यावरच कात्री चालवा.

जाहिरातीसाठी सोसायटीचा ग्रुप चांगला, पण सातव्या महिन्यातलं डोहाळजेवण त्याहून चांगलं. तिथे ऑर्डर मागू नका, फक्त नमुना आणि नंबर द्या. डोहाळजेवणाची सजावट करणाऱ्या, बाळंतिणीला मालिश करणाऱ्या मावशींशी ओळख ठेवा. बाळ झाल्याची बातमी त्यांना सगळ्यात आधी कळते.

उद्यम नोंदणी सरकारी संकेतस्थळावर मोफत होते. पैसे मागणाऱ्या एजंटकडे जाऊ नका. शिंपीकाम हे पीएम विश्वकर्मा योजनेतल्या १८ व्यवसायांपैकी एक आहे. १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झालेल्या या योजनेत साहित्यासाठी १५ हजार रुपयांपर्यंत मदत आणि पहिल्या टप्प्यात पाच टक्के व्याजाने एक लाखापर्यंत विनातारण कर्ज अशी तरतूद आहे. कुटुंबातल्या एकाच व्यक्तीला लाभ मिळतो. सध्या तुमच्या व्यवसायासाठी अर्ज सुरू आहेत का, हे जवळच्या सीएससी केंद्रात विचारून घ्या. पण एक सांगतो, या व्यवसायाला कर्जाची वाट बघायची गरज नाही. मशीन घरात असेल तर पहिलं काम ग्राहकाच्या आगाऊ रकमेत उभं राहतं.

या आठवड्याचा गृहपाठ

एक : स्वतःच्या, बहिणीच्या आणि शेजारणीच्या अशा तीन खिडक्या वरच्या पद्धतीने मोजा आणि वहीत लिहा. दोन : एक सुती रेडिमेड पडदा आणा, धुण्याआधी आणि धुतल्यानंतर मोजा. किती आटला तो आकडा तुमच्या वहीत हवा. तीन : त्या पडद्याला सुटं अस्तर लावा, घरच्याच खिडकीला टांगा आणि दुपारी तीन वाजता खोलीत उभं राहून बघा, उजेड कुठून येतोय. त्या फटी बंद करायला शिकलात की पहिला ग्राहक घ्यायला तुम्ही तयार आहात.